काका तीन म्हणत नाहीत

कपाट हलवल्याशिवाय बाहेरच्या खोलीत सहा माणसं बसणार नाहीत, हे आईने सकाळीच सांगून ठेवलं होतं. पण या घरात सांगितलेलं काम अंगाशी आल्याशिवाय कोणी हातात घेत नसे. साडेतीन वाजले. यादीवाली बाई चारला यायची होती. तेव्हा कुठे काका एका टोकाला आणि थोरला दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.

"मोजतो हं," काका म्हणाले. "एक, दोन."

आणि काकांचं टोक वर गेलं. थोरल्याचं जमिनीवरच राहिलं. आतल्या काचा खणखणल्या.

"काका, तीन म्हणा ना. तीन म्हणायला काय कर लागतो?"

"तीनला उचलायचं असतं. उचलू की बोलू?"

"सगळं जग तीन म्हणतं."

"मग जगाला बोलाव धरायला."

धाकटी दारात उभी राहून हसत होती. "अरे मास्तर, पोरांना ताल शिकवतोस आणि स्वतःला दोनानंतर काय येतं ते कळत नाही?"

"तू गप गं, कानवाले. तुला एवढं कळतं तर तू धर."

बाबांनी चष्मा टेबलावर ठेवला आणि उठले. "सरक," ते थोरल्याला म्हणाले.

"अहो, कंबर," आई म्हणाली. पण तोपर्यंत त्यांनी टोक धरलं होतं.

"एक, दोन," काका म्हणाले, आणि कपाट दोन्हीकडून एकदम उठलं, एकाच माणसाने उचलावं तसं. दोघांनी ते खिडकीखाली नेऊन ठेवलं. त्र्याहत्तर वर्षांचा एक आणि सहासष्टचा दुसरा. काचासुद्धा वाजल्या नाहीत.

"रक्त आहे शेवटी," थोरला म्हणाला.

आई स्वयंपाकघरात वळली. रक्त नव्हतं ते. सराव होता. तो सराव बंद दाराआडून तिने ऐकला होता, एकेचाळीस वर्षांपूर्वी.

तेव्हा बाबा दुसऱ्यांच्या गाण्यांत ड्रम वाजवायचे. स्टुडिओतून निरोप आला की जायचं, समोर ठेवलेलं वाजवायचं, परत यायचं. गाणं कोणाचं आहे हे कधी कधी दोन महिन्यांनी न्हाव्याच्या दुकानात कळायचं. त्या आठवड्यात दोन दिवसांत सहा गाणी झाली आणि उजवं मनगट भाकरीच्या पिठासारखं फुगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निरोप होता. उद्या जमणार नाही म्हटलं की परवा दुसऱ्याला बोलावतात आणि तेरवा तुमचं नाव विसरतात, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजलं होतं. पदरात चार वर्षांचा मुलगा आणि तीन महिन्यांची मुलगी होती. म्हणून तीच म्हणाली होती, "भावजींना पाठवा. काचेच्या खोलीत कोण बसलंय ते कोण बघतंय?"

भावजी यांच्याकडेच काठ्या धरायला शिकले होते. ते गेले. संध्याकाळी तोंड पाडून आले. तिसऱ्या कडव्याआधी पायाचा ठोका चुकून आधीच पडला, म्हणाले. दुसऱ्या दिवशी हे स्टुडिओत जाऊन आले आणि सांगितलं की ते टाकून दिलं, मी पुन्हा वाजवून आलो. भावजींनी त्या महिन्यातच लिफ्टच्या कंपनीत नाव घातलं आणि शिकायला परगावी गेले. काठ्या पुन्हा हातात धरल्या नाहीत.

ते गाणं, ज्याला घरात नुसतं खिडकीचं गाणं म्हणत, रेडिओवर अठराव्या दिवशी लागलं. मनगटाची पट्टी सुटली सव्विसाव्या दिवशी. पट्टी ती स्वतः बांधत होती. तोपर्यंत त्या हाताने चहाचा कप उचलला जात नव्हता.

एवढा हिशोब तिला येत होता. तो तिने कोणाला सांगितला नव्हता.

*

यादीवाली बाई वेळेवर आली. तिशीची, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. पिशवीतून तिने एक छोटा स्पीकर काढला आणि कागदांची चळत.

धाकटी बाबांच्या शेजारी बसली होती. शहरातल्या कानाच्या दवाखान्यात ती रोज पंधरा म्हाताऱ्यांना ऐकण्याची यंत्रं बसवायची, आणि त्यांतलं सगळ्यात हट्टी गिऱ्हाईक घरी होतं. बाबांचा उजवा कान कधीच गेला होता आणि डावा तीस वर्षांच्या हेडफोनने खाल्ला होता. यंत्रावरून गेल्या वर्षी रडारड झाली तेव्हापासून ते वापरत, पण सोयीने. आईने बाजाराची पिशवी दाखवली की यंत्र चष्म्याच्या घरात जायचं.

"सर, आमची रेकॉर्ड कंपनी जुन्या टेप साफ करून नवा संच काढते आहे," यादीवाली म्हणाली. "या वेळी प्रत्येक गाण्याखाली वाजवणाऱ्यांची नावं छापणार. तुमची एकेचाळीस गाणी सापडली. वाचून बघा आणि प्रत्येक पानावर सही करा. उद्या छपाईला जातं."

बाबांनी कागद हातात घेतला. धाकटीने वाकून बघितलं. ड्रम, आणि पुढे त्यांचं नाव. पुन्हा ड्रम, पुन्हा नाव. बाबांचं नाव छापलेलं तिने लग्नपत्रिकेशिवाय कुठे बघितलं नव्हतं. त्यांचं बोट एकेका ओळीवर थांबत खाली येत होतं.

"हे," ते म्हणाले, "यात ड्रमवर पाकीट ठेवलं होतं, आवाज मरावा म्हणून. गाणाऱ्याचंच पाकीट. नंतर तो तासभर ते शोधत होता."

"आणि शेवटचं कुठलं, सर?"

"शेवटी गाणं नव्हतंच. ड्रम वाजवणारी यंत्रं आली. मला बोलावलं, म्हणाले, एकेक ठोका वाजवा, सुटा सुटा. गाणं नको. शंभर ठोके वाजवले. मग ते यंत्रात भरले आणि मला म्हणाले, आता आराम करा."

"म्हणजे बाबांनी स्वतःचा बदली माणूस स्वतःच भरती केला," थोरला म्हणाला. ही कोटी तो वर्गात नेहमी करायचा. तळमजल्यावर त्याचा ड्रमचा वर्ग होता, दारावर पाटी, पाटीवर खिडकीचं चित्र आणि खाली, 'खिडकीच्या गाण्याच्या ड्रमरच्या मुलाकडून शिका.' आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. "ताई, खिडकीचं गाणं यादीत कितवं आहे?"

"सतरावं. खरं म्हणजे त्याच्यासाठीच मी स्पीकर आणलाय. त्या टेपवर गाण्याआधीचं थोडं बोलणं राहून गेलंय. आम्ही ते तसंच ठेवणार आहोत. लोकांना आवडतं असलं. तुम्हाला आधी ऐकवावं म्हटलं."

"ऐकायचं काय त्यात," बाबा म्हणाले. "द्या पेन. सही करतो."

"दोनच मिनिटं, सर."

"ऐकू या ना बाबा," थोरला म्हणाला. "मला वर्गात पोरांना ऐकवता येईल."

बाबांचा हात वर गेला, कानामागे. यंत्र काढून त्यांनी खिशात टाकलं, बडीशेपेची डबी टाकावी इतक्या सहज.

धाकटीने ते बघितलं. बाजाराच्या पिशवीपुढे, पाहुण्यांपुढे, भांडणापुढे त्यांनी यंत्र काढलेलं तिला माहीत होतं. गाण्यापुढे कधी काढलं नव्हतं.

*

काका खिडकीशी, कपाटाला टेकून उभे होते. बसायला खुर्ची होती, पण हे गाणं लागणार म्हटल्यावर त्यांना उभं राहूनच बरं वाटायचं. इतकी वर्षं ते कुठेही लागलं की काका पाणी प्यायला उठत. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. चूक आपली होती, दादाने ती सावरून घेतली होती, म्हणूनच गाणं चाललं. पहिल्यांदा परगावच्या एका चहाच्या दुकानात ऐकलं तेव्हा त्यांनी धावत जाऊन फोन केला होता. "दादा, माझा चुकलेला ठोका त्यात आहे." दादा म्हणाला होता, "चूक तुझी, हात माझा. त्यांना ती कल्पना आवडली, पण नीट वाजवून हवी होती." काकांना त्याचंही कौतुक वाटलं होतं. लोकांना ते अजून सांगत, आमच्या दादाने माझ्या चुकीचं सोनं केलं.

यादीवालीने बटण दाबलं.

आधी नुसती खोली ऐकू आली. मोठी खोली, पुष्कळ माणसं. कोणीतरी खुर्ची सरकवली. मग एक आवाज, "सगळे तयार? ड्रम, मोजा."

कोणीतरी घसा साफ केला. कोवळा, घाबरलेला आवाज.

"एक, दोन."

मग काही नाही. दोन आकड्यांची रिकामी जागा. आणि गाणं सुरू झालं.

"काका!" थोरला हसला. तोंडातून निघूनच गेलं ते. घरात कोणीही हसलं असतं. मग त्याचं हसू तोंडावर राहिलं आणि डोळे बाबांकडे गेले.

आवाज काकांना ओळखू आला नव्हता. पंचविशीतला आपला आवाज कोणाच्या लक्षात असतो? पण ती रिकामी जागा त्यांची होती.

"परत लावा," ते म्हणाले.

या वेळी ते पुढे आले आणि स्पीकरपाशी उकिडवे बसले, मान खाली, डोळे जमिनीवर. लिफ्टच्या माथ्यावरच्या खोलीत ते असेच बसत. मोटर सुरू करायला सांगत आणि नुसतं ऐकत. कुठलं चाक झिजलंय ते पान्याला हात लावायच्या आधी सांगत. कंपनीत नवी माणसं म्हणत, यांचा कान कुठून आला? काका म्हणत, घरात होता.

पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याआधी सगळं थांबतं, तिथे टेप साफ केल्यामुळे आता गाणारीचा श्वास ऐकू आला. आणि त्या श्वासाला लागून पायाचा ठोका. ठरल्यापेक्षा आधी.

काकांचा उजवा पाय चपलेत हलला.

"दादा," ते वर न बघता म्हणाले, "हे टाकून दिलं होतं ना?"

बाबांनी मान हलवली नाही. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"दादा, मी विचारतोय काहीतरी."

"त्यांना ऐकू येत नाहीये," धाकटी म्हणाली. तिने वडिलांच्या खिशात हात घातला, यंत्र काढलं आणि तळहातावर त्यांच्यापुढे धरलं. "घाला, बाबा. काका काय म्हणताहेत ते ऐका."

बाबांनी यंत्र घेतलं. ते कानात बसवायला त्यांना फार वेळ लागला, आणि कोणी मदत केली नाही.

*

थोरल्याला सगळ्यात आधी पाटी आठवली. त्याची त्यालाच लाज वाटली, पण आठवली पाटीच.

"एक मिनिट," तो म्हणाला. "मोजलंय काकांनी, ठीक आहे. पण ही एखादी रद्द झालेली टेप असेल. छापलेलं गाणं बाबांचं असेल. असं होतं ना ताई, दोन-दोन, तीन-तीन वेळा रेकॉर्ड करतात?"

"होतं," यादीवाली हळूच म्हणाली. "पण या गाण्याची टेप एकच आहे. आणि रेकॉर्डवर जे आहे ते हेच आहे, आम्ही ताडून बघितलंय." तिला आता आपण कुठे येऊन बसलो ते कळलं होतं. तिने हातातलं पेन पिशवीत ठेवलं आणि परत काढलं.

"तरी पण बाबांनी नंतर..."

"मनगट बांधलेलं होतं," आई म्हणाली.

ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ट्रे खाली ठेवून तिने हात पदराला पुसले.

"सव्वीस दिवस बांधलेलं होतं. मीच बांधत होते. अठराव्या दिवशी गाणं लागलं. त्या हाताने यांना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, तेही मीच लावत होते."

"आई, तू कशाला आता..." थोरला म्हणाला.

"मग कधी?"

काका उठून उभे राहिले. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"नक्की माहीत नव्हतं, भावजी." ती थांबली. "विचारलं असतं तर नक्की कळलं असतं. म्हणून विचारलं नाही. तुम्ही नोकरीला लागला होतात, सगळं मार्गी लागलं होतं. आणि माझी दोन पोरं होती."

पोरांपैकी एक आपण, हे थोरल्याच्या मनात आलं. चार वर्षांचा आपण. आपल्या शाळेचे, आपल्या पहिल्या ड्रमचे पैसे, सगळे त्या एका ठोक्यावर उभे होते.

"ताई," तो यादीवालीला म्हणाला, "आज राहू द्या. आम्ही घरात बोलतो आणि कळवतो."

"एकेचाळीस वर्षं घरात बोललो नाही, ते उद्या छपाईच्या आत बोलणार?" धाकटी म्हणाली. "बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही काकांना..."

"तू थांब," काका तिला म्हणाले. लहानपणापासून काकांनी तिला कधी असं म्हटलं नव्हतं. "माझ्या वतीने भांडू नकोस. त्याला बोलू दे."

बाबा बोलले तेव्हा आवाज जरा मोठा होता, यंत्र नुकतंच घातलेल्या माणसाचा असतो तसा.

"दुसऱ्या दिवशी मी गेलो. वाटलं, माफी मागावी आणि पुढच्या वेळचं बघावं. तर संगीतकार खुर्चीतून उठला. मला बघून उठला. आठ वर्षांत माझ्यासाठी त्या इमारतीत कोणी उठलं नव्हतं. म्हणाला, काल ते जे केलंत ते कसं सुचलं तुम्हाला?"

बाबा काकांकडे वळले.

"मी तुला सांगणार होतो. बसमध्ये ठरवलं होतं. जिन्यापर्यंत ठरलेलं होतं. तू दार उघडलंस आणि मी चप्पल काढायच्या आत विचारलंस, फार वाईट झालं का? मी हो म्हणालो."

"एवढंच?"

"एवढंच. मग तूच म्हणालास, टाकून दिलं असेल. मी त्यालाही हो म्हणालो. मी वाजवलं हे तेवढं माझ्या पदरचं. ते फार नव्हतं, तू जवळजवळ सगळं स्वतःच रचलंस. मला नुसती मान हलवायची होती."

"का?"

"पुढचा निरोप तुझ्या नावाने आला असता."

हे त्यांनी अगदी साधं सांगितलं. थोरल्याला आपला फळा आठवला. तो वर्गात फळ्यावर आकडे लिहून त्या ठोक्याचा धडा देत होता. एकोणीस वर्षं. तीन आणि चारच्या मधे, पण मधोमध नाही, चारच्या जरा जवळ. पोरं वाजवायची आणि ते कधीच तसं लागत नसे. त्याचं स्वतःचंही लागत नसे. पोरांना तो म्हणायचा, हे रक्तात असावं लागतं.

"काका," त्याने विचारलं, आणि आपण हे आत्ता विचारतोय याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं, "तो पाय नेमका कुठे मोजून टाकलात?"

"मोजून?" काकांनी त्याच्याकडे असं बघितलं जणू तो फारच लहान होता. "मोजून कुठे टाकला? मला काच होती ना समोर. गाणारी दिसत होती. तिने श्वास घेतला, खांदे वर गेले, मला वाटलं आलीच ही. पाय गेला. ती आली नव्हती, नुसती थांबली होती. मग माझा ठोका ऐकून आली. मेलो म्हटलं आता."

थोरला खुर्चीत मागे टेकला. श्वास. फळ्यावर तो कसा लिहिणार होता?

"माझी पाटी..." तो म्हणाला आणि थांबला.

"राहू दे तुझी पाटी," काका म्हणाले. "'मुलाकडून' आहे तिथे 'पुतण्याकडून' लिही. अक्षरं थोडीच वाढतात."

कोणीच हसलं नाही, पण खोलीत जरा हवा आली. यादीवालीने घसा साफ केला. "मग सतराव्या गाण्याखाली मी काय लिहू?"

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा काकांकडे बघत होते.

"माझ्याकडे नको बघूस," काका म्हणाले. "राहू दे, असं मी म्हणणार नाही. तुला ते माझ्याकडून ऐकायचं असेल, तर ते मिळणार नाही."

*

बाबांनी कागद पुढे ओढला.

सतरावी ओळ. ड्रम, आणि पुढे त्यांचं नाव, काळ्या शाईत, यंत्राने छापलेलं, कुठे डाग नाही की खाडाखोड नाही. हे बघायची त्यांना फार इच्छा होती. न्हाव्याच्या दुकानात, बसमध्ये, दुसऱ्यांच्या लग्नात आपले ठोके ऐकून गप्प बसलेल्या माणसालाच ती इच्छा कळेल. आणि त्या सगळ्या ठोक्यांत लोकांनी नेमका हाच उचलला होता. जिथे जातील तिथे, "ते खिडकीच्या गाण्यात केलंत तसं करा ना." मग त्यांनी ते शिकून घेतलं. पट्टी सुटल्यावर दार बंद करून, रेकॉर्डवर सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवत, तीन आठवडे. स्वतःच्या धाकट्या भावाची नक्कल. ती इतकी अंगात भिनली की पुढे त्यांनी दोन म्हणून काठी उचलली तरी आत भावाचीच घाई ऐकू यायची. कपाटं उचलताना ती उपयोगी पडली.

त्यांनी आपल्या नावावर आडवी रेघ मारली. वर भावाचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, मनगट अजूनही थंडीवाऱ्यात दुखायचं. मग त्यांनी बाकीच्या पानांवर सह्या केल्या, एकेक करून.

"चाळीस," ते म्हणाले. "चाळीस माझी आहेत."

"हो सर," यादीवाली म्हणाली. "चाळीस."

ती गेली. जाताना तिने काकांनाही एका कागदावर सही करायला लावली. काकांनी ती जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून केली, लिफ्ट दुरुस्त झाल्याच्या चिठ्ठीवर करायचे तशी, तारखेसकट.

चहा तसाच राहिला होता. त्यावर साय धरली होती. थोरला खाली वर्ग उघडायला गेला, पाचची पोरं यायची होती. धाकटी आईला कप उचलायला मदत करत होती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण एकाच ट्रेवर कप ठेवत होत्या.

काकांनी कोपऱ्यातली आपली पिशवी घेतली.

"भावजी, जेवून जा," आई म्हणाली.

"नको वहिनी."

"मग उद्या?"

"बघतो." त्यांनी चप्पल पायात सरकवली आणि खिडकीखालच्या कपाटाकडे बघितलं. पिशवी परत खाली ठेवली. "हे तेवढं जागेवर ठेवून जातो. एकट्याने हलायचं नाही ते."

बाबा उठले. आपल्या टोकाला गेले, वाकले, बोटं खालून घातली. यंत्र कानात होतं. खालून वर्गातल्या पोरांचा गलका येत होता, कोणीतरी काठी हातातून पाडली. समोर, कपाटाच्या दुसऱ्या टोकाला, भावाचा टक्कल पडत चाललेला माथा दिसत होता.

काही तरी बोलावं, असं बाबांना वाटलं. पण भावाने मोजायला सुरुवात केली होती.

"एक," काका म्हणाले. "दोन."

बाबांनी उचललं. नेमक्या जागी उचललं, जिथे गेली एकेचाळीस वर्षं उचलत आले होते तिथे. काचा खणखणल्या. त्यांचं टोक वर आलं आणि कपाट तिरकं झालं. दुसरं टोक जमिनीवरच होतं. काका वाकलेले होते, हात खाली घातलेले, आणि मान वर करून त्यांच्याकडे बघत होते.

"तीन," काका म्हणाले.

बाबा ते वजन एकटे धरून उभे राहिले. मनगटातून कळ निघाली. त्यांनी टोक खाली ठेवलं नाही.

"चार," काका म्हणाले, आणि आपलं टोक उचललं.